वर्गीकरणातला मतभेद म्हणजे खोटेपणा नव्हे

श्रीवर्धनची रोठा सुपारी रायगड जिल्ह्यात पिकते, आणि त्याच जिल्ह्यातल्या न्हावाशेवा बंदरात परदेशी सुपारीचे कंटेनर उतरतात. आयात सुपारीवर १०० टक्के मूळ सीमाशुल्क आहे. शिवाय फेब्रुवारी २०२३ पासून किलोमागे ३५१ रुपयांची किमान आयात किंमत ठरवलेली आहे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या बागायतदाराला हे संरक्षण का हवं आहे ते मला पटतं, आणि ते फसवणुकीने पोखरलं जाऊ नये असंही वाटतं.

आता दोन आयातदार डोळ्यांपुढे आणा. पहिला कागदोपत्री जिप्सम दाखवतो आणि आत सुपारीच्या गोणी भरतो. दुसरा बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे आयात मालाच्या घोषणापत्रात, उघड लिहितो की माल उकडलेल्या सुपारीचा आहे. तो नमुना देतो, प्रक्रिया सांगतो आणि म्हणतो की माझ्या मते हा माल टॅरिफच्या, म्हणजे शुल्कदरांच्या अनुसूचीच्या, प्रकरण ८ मध्ये (फळं आणि सुका मेवा) नाही, प्रकरण २१ मध्ये (तयार खाद्यवस्तू) बसतो. प्रकरण ८ च्या टिपेनुसार टिकाऊपणासाठी बेताची उष्णता दिलेलं सुकं फळ त्याच प्रकरणात राहतं. प्रकरण २१ ची पूरक टीप सांगते की चुना, कात आणि तंबाखू नसलेली, सुपारीपासून केलेली तयार वस्तू तिथली. मग उकडून, कापून, वाळवलेली सुपारी ही टिकवलेली सुपारी की तयार केलेली वस्तू? उत्तर बदललं की शुल्काचा दर आणि आयातीच्या अटी दोन्ही बदलतात. हा प्रश्न, माल आणण्याआधीच वर्गीकरण सांगणाऱ्या अग्रिम निर्णय प्राधिकरणापासून उच्च न्यायालयापर्यंत गेला आहे, आणि दोन्ही बाजूंनी शहाण्या माणसांनी शहाणे युक्तिवाद केले आहेत.

पहिला आयातदार खोटं बोलला. दुसऱ्याने मत मांडलं, कदाचित चुकीचं, पण सगळा माल टेबलावर ठेवून. आपली सीमाशुल्क व्यवस्था या दोघांना फार सहज एकाच कलमाखाली उभं करते. माझा आक्षेप तिथे आहे.

मतभेद होतातच का, हे आधी पाहू. जगातल्या प्रत्येक वस्तूला एक क्रमांक देण्याची पद्धत ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेने आखली आणि ती १९८८ पासून लागू झाली. पहिले सहा अंक सगळ्या सदस्य देशांत सारखे असतात. भारत त्यापुढे आणखी दोन अंक लावतो आणि आठ अंकी क्रमांक होतो, ज्याला व्यवहारात सगळे एचएस कोड म्हणतात. शेंगदाण्यापासून उपग्रहापर्यंत सगळं सत्त्याण्णव प्रकरणांत बसवायचं आणि बसवताना सहा सर्वसाधारण नियम वापरायचे. शीर्षकाचे (म्हणजे प्रकरणातल्या चार अंकी नोंदीचे) आणि टिपांचे शब्द प्रमाण मानायचे, सर्वसाधारण वर्णनापेक्षा नेमकं वर्णन वरचढ धरायचं, मिश्र वस्तूचा मूळ स्वभाव कशाने ठरतो ते पाहायचं, आणि काहीच जमलं नाही तर लागू पडणाऱ्या शीर्षकांपैकी क्रमाने शेवटचं घ्यायचं. या शेवटच्या नियमातच कबुली आहे की कधीकधी दोन उत्तरं सारखीच बरोबर असतात आणि निव्वळ क्रमांक पाहून निवड करावी लागते.

खोबरेल तेलाचं प्रकरण पाहा. ते आयातीचं नाही, केंद्रीय उत्पादन शुल्काचं आहे, पण त्या शुल्काची अनुसूची याच एचएस पद्धतीवर बेतलेली होती. लहान बाटलीतलं शुद्ध खोबरेल तेल शीर्षक १५१३ खालचं खाद्यतेल की ३३०५ खालचं केसांचं तेल? मराठी घरात एकच बाटली स्वयंपाकघरातही चालते आणि न्हाणीघरातही, त्यामुळे प्रश्न किती खरा आहे हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींनी एकाच मालावर एकमेकांविरुद्ध निकाल दिले. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलं की बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केसांचं तेल होत नाही. तसं लेबल आणि वेष्टन असेल तरच होतं. देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाला ज्या प्रश्नाचं एक उत्तर द्यायला सहा वर्षं लागली, त्याचं उत्तर उत्पादकाला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं आणि त्याने ते मुद्दाम दडवलं, असं कोणी म्हणू शकेल का?

सीमाशुल्कात मात्र तसं म्हटलं जातं, कारण कायद्यातल्या मुदती तिकडे ढकलतात. २०११ पासून स्वयंनिर्धारण आहे, म्हणजे आयातदाराने स्वतःच वर्गीकरण करायचं, शुल्क काढायचं आणि भरायचं. चूक निघाली तर सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम २८ खाली सीमाशुल्क विभाग कमी भरलेलं शुल्क मागतो. साध्या चुकीला मुदत दोन वर्षांची. संगनमत, सहेतुक चुकीचं विधान किंवा तथ्य दडवणं असेल तर पाच वर्षांची. त्या पाच वर्षांसोबत कलम ११४अ खाली शुल्काइतका दंडही येतो. फाइल तीन वर्षांनी उघडली गेली असेल तर अधिकाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात: मुदत संपली म्हणून मागणी सोडायची, किंवा आयातदाराने काहीतरी दडवलं असं लिहायचं. नोटिशीत मग ठरलेलं वाक्य येतं की योग्य वर्गीकरण माहीत असूनही आयातदाराने ते जाणूनबुजून टाळलं. काय दडवलं हे विचारलं तर पुष्कळदा उत्तर मिळतं की बरोबर कोड दडवला. पण कोड ही दडवण्याची गोष्टच नाही. तथ्य म्हणजे माल काय आहे, कशाचा आहे, कशासाठी आहे. ते सगळं इनव्हॉइसमध्ये आणि कॅटलॉगमध्ये असेल तर त्यावर कोणता क्रमांक बसतो हे सांगणं विभागालाही तितकंच शक्य होतं. १९९८ मध्ये नॉर्दर्न प्लास्टिक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की मालाचं वर्णन खरं असेल तर एखादं वर्गीकरण किंवा सवलत मागणं हा आयातदाराच्या समजुतीचा भाग आहे, चुकीची घोषणा नव्हे. सत्तावीस वर्षं उलटली तरी प्रत्येक आयातदाराला तेच वाक्य नव्याने सिद्ध करत न्यायाधिकरणापर्यंत जावं लागतं.

हे रकमेत मांडून बघू. समजा भोसरीतला एक लघुउद्योजक वर्षाला चाळीस लाखांचे सुटे भाग मागवतो आणि साडेसात टक्के शुल्क भरतो. पाच वर्षांनी विभाग म्हणतो की पंधरा टक्के लागू होतं. दरसाल फरक तीन लाखांचा, वर समाजकल्याण अधिभाराचे तीस हजार. पाच वर्षांचे साडेसोळा लाख. आयजीएसटीचा, म्हणजे आयातीवर लागणाऱ्या जीएसटीचा, फरक बाजूला ठेवू. पंधरा टक्क्यांनी व्याज सहा लाखांच्या वर जातं आणि शुल्काइतका दंड धरला की आकडा चाळीस लाखांच्या घरात येतो. म्हणजे पूर्ण वर्षाच्या आयातीइतकी रक्कम. ती गिऱ्हाइकाकडून वसूल करता येत नाही, कारण माल जुन्या हिशेबाने कधीच विकला गेलेला असतो. अपील करायचं तर मागितलेल्या शुल्काच्या साडेसात टक्के आधी भरावे लागतात. मोठी कंपनी हे वकिलांच्या हाती सोपवून कामाला लागते. लहान माणूस सीएचएला (सीमाशुल्काची कागदपत्रं करणाऱ्या एजंटला) फोन करून विचारतो की दरवेळी तुम्हीच हा कोड टाकत होता ना, आणि सीएचए खरंच सांगतो की दरवेळी ग्रुपने, म्हणजे कागद तपासणाऱ्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी, तोच पास केला होता.

विभागाची बाजू हलकी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. कोट्यवधींचा माल केवळ आयातदाराच्या शब्दावर सोडला जातो, आणि शब्द मोडणारे आहेतच. काहींना तर शब्द मोडावाही लागत नाही. टॅरिफच्या प्रकरण ७१ मधली टीप सांगते की मिश्रधातूत वजनाने दोन टक्के किंवा जास्त प्लॅटिनम असेल तर तो प्लॅटिनमचा मिश्रधातू मानायचा. म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त सोनं आणि किंचित प्लॅटिनम असलेला गोळा कायद्याच्या लेखी प्लॅटिनम. संयुक्त अरब अमिरातीशी झालेल्या व्यापार करारात प्लॅटिनमला मिळणाऱ्या सवलतीच्या वाटेने असं सोनं यायला लागलं. इथे आयातदाराचा कोड टिपेप्रमाणे बरोबर होता आणि देशाचं नुकसानही खरं होतं. सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात मौल्यवान धातूंसाठी शुद्धतेनुसार नव्या ओळी आखल्या. मला हा उपाय योग्य वाटतो, कारण फट कायद्यात होती आणि ती कायद्यातच बुजवली गेली.

मोटारींचा वाद याहून अवघड आहे. चाकण आणि शेंद्रा इथे कारखाने असलेल्या स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला सप्टेंबर २०२४ मध्ये सुमारे १.४ अब्ज डॉलरची नोटीस मिळाली. आरोप असा की जवळजवळ पूर्ण मोटारी सुट्या अवस्थेत, पण वेगवेगळ्या खेपांमध्ये विभागून आणल्या आणि सुट्या भागांचं ५ ते १५ टक्के शुल्क भरलं, तर जोडणीच्या तयारीतल्या संचावर ३० ते ३५ टक्के लागू होतं. वर्गीकरणाचा नियम २(अ) सांगतो की न जोडलेली वस्तू एकत्र सादर झाली तर ती पूर्ण वस्तूच समजायची. पण वेगळ्या दिवशी, वेगळ्या इनव्हॉइसवर आलेले भाग 'एकत्र सादर' झाले का? कंपनीने आरोप नाकारले आणि ती मुंबई उच्च न्यायालयात गेली. वर्गीकरणावर कोण बरोबर हे मी इथे ठरवू पाहत नाही. मला खटकतं ते हे की नोटीस २०१२ पासूनच्या आयातीपर्यंत मागे जाते. ठरवून मागवलेले भाग एका विशिष्ट गाडीचे होते हे खरोखर लपवलं गेलं असेल तर ते सिद्ध व्हावं आणि कंपनीने पैसे भरावेत. पण वर्षानुवर्षं तेच भाग त्याच वर्णनाने सोडवले गेले असतील, तर बारा वर्षं गप्प राहिलेल्या यंत्रणेलाही प्रश्न विचारले गेले पाहिजेत.

पुणे पट्ट्यातल्या सुट्या भागांच्या आयातदारांनी असा धक्का आणखी एकदा खाल्ला आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने युनि प्रॉडक्ट्स प्रकरणात सांगितलं की मोटारीत घालायचं कापडी मॅटिंग हा मोटारीचा भाग नव्हे, ते सतरंज्या-गालिच्यांच्या प्रकरण ५७ मध्ये जातं. मार्च २०२१ मध्ये वेस्टिंगहाउस सॅक्सबी प्रकरणात त्याच न्यायालयाने ठरवलं की रेल्वे सिग्नलिंगपुरते बनवलेले रिले (विजेने चालणारे स्विच) हे विद्युत उपकरणांच्या ८५३६ मध्ये न जाता रेल्वे सिग्नलच्या भागांत, ८६०८ मध्ये जातात, कारण त्यांचा वापर तेवढ्यापुरताच आहे. दुसऱ्या निकालानंतर वाहनांसाठीच्या विद्युत आणि इतर भागांच्या आयातदारांकडे चौकशा सुरू झाल्या की तुमचेही भाग मग वाहनांच्या भागांच्या ८७०८ मध्ये का नकोत. रेल्वेच्या रिलेवरचा निकाल येण्याआधी सोडवलेल्या मालाबद्दल हे विचारलं गेलं. अखेर जानेवारी २०२२ मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाला सूचना काढावी लागली की हा निकाल सरसकट वाहनांच्या भागांना चिकटवू नका, प्रत्येक वस्तूच्या टिपा आणि न्यायालयाचे इतर निकालही पाहा. सूचना चांगली होती, पण ती सुरुवातीलाच यायला हवी होती.

याच गोष्टीचा पुढचा भाग मला फार बोलका वाटतो. ८७०८ चा वाद एवढा पेटायचं एक कारण जीएसटी होतं: त्या शीर्षकावर २८ टक्के, शेजारच्या अनेक शीर्षकांवर १८. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सगळ्या भागांवर, एचएस कोड कुठलाही असो, १८ टक्के झाला. त्या दिवसापासून पुढच्या मालावर जीएसटीपुरतं भांडायचं कारणच संपलं. कोणालाही नवी अक्कल आली नाही, कोणाचा प्रामाणिकपणा वाढला नाही. फक्त सख्ख्या शेजारी वस्तूंवरचे दर सारखे झाले. सीमाशुल्काच्या टॅरिफमध्ये मात्र अजून असंख्य जागी एकाच यंत्राच्या दोन भागांवर, किंवा भाग आणि पूर्ण वस्तूवर, दुप्पट-तिप्पट अंतराचे दर आहेत. मोबाईल आणि दूरसंचार साहित्याच्या शीर्षक ८५१७ मध्ये तर २०१७ नंतर देशी उत्पादनाला आधार म्हणून एकेका भागाचा दर वेगळा होत गेला. सॅमसंगला बेस स्टेशनवरच्या रिमोट रेडिओ हेडबद्दल (मोबाईल मनोऱ्यावरच्या रेडिओ उपकरणाबद्दल) आलेली हजारो कोटींची मागणी याच शीर्षकाच्या परिसरातली, आणि तिलाही कंपनीने मुंबईच्या न्यायाधिकरणात आव्हान दिलं आहे. उद्योगाला संरक्षण द्यायचं तर द्या. पण दराची रेषा मालाच्या मधून ओढली की तिच्या दोन्ही बाजूंना खटले उभे राहणार, हे धोरण ठरवणाऱ्यांनी हिशेबात धरायलाच हवं.

मला सर्वांत जास्त टोचते ती विषमता. आयातदाराने कमी शुल्क भरलं तर विभागाला दोन किंवा पाच वर्षं मिळतात. त्यानेच चुकून जास्त भरलं तर? २०१९ मध्ये आयटीसी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की स्वयंनिर्धारणही आदेशच आहे, तो अपिलात बदलून घेतल्याशिवाय परतावा नाही. म्हणजे स्वतःच भरलेल्या बिल ऑफ एंट्रीविरुद्ध साठ दिवसांत, फार तर आणखी तीस दिवसांची माफी मिळवून, अपील करायचं. चूक त्या आत लक्षात आली नाही तर पैसे गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कागदपत्रांच्या दुरुस्तीची वाट दाखवून हा फास थोडा सैल केला. २०२५ च्या वित्त कायद्याने कलम १८अ आणलं, ज्यात माल सुटल्यावरही आयातदाराला स्वतःहून नोंद सुधारता येते. हे खरोखर चांगलं पाऊल आहे आणि त्याचं श्रेय दिलं पाहिजे. पण लेखापरीक्षण किंवा झडती सुरू झाली की तो दरवाजा बंद होतो, आणि वर्गीकरणाचा प्रश्न आयातदाराच्या कानावर पहिल्यांदा येतो तो बहुतेक वेळा त्याच क्षणी.

खरा उपाय माल निघायच्या आधीचा आहे. दिल्ली आणि मुंबईतली सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणं २०२१ पासून काम करतात. दहा हजार रुपये शुल्क, तीन महिन्यांत निर्णय, मान्य नसेल तर उच्च न्यायालयात अपील. नेमाने आयात करणाऱ्याने संशय असलेल्या प्रत्येक मालासाठी इथे जावं असं मी आग्रहाने सांगेन. पण हा निर्णय अर्ज करणाऱ्यापुरताच बंधनकारक असतो. तोच माल आणणाऱ्या शेजारच्या गाळ्यातल्या माणसाला तो दाखवता येतो, विभागावर लादता येत नाही. आता फेसलेस पद्धतीत न्हावाशेव्याला उतरलेल्या मालाची कागदपत्रं दुसऱ्या शहरातला अधिकारी तपासतो, त्यामुळे मागच्या खेपेला काय ठरलं याचा पुढच्या खेपेला भरवसा राहत नाही. अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने दोन लाखांहून जास्त वर्गीकरण निर्णय कोणालाही फुकट शोधता येतील असे खुले ठेवले आहेत. युरोपीय संघही आपले बंधनकारक वर्गीकरण निर्णय खुल्या संग्रहात देतो. आपल्याकडे रोज हजारो खेपांवर अधिकारी जे ठरवतात ते त्या फाइलीतच राहतं. शिवाय शीर्षकांचा अर्थ उलगडणाऱ्या ज्या स्पष्टीकरण टिपांना आपलं सर्वोच्च न्यायालय १९९५ पासून वर्गीकरणाची भरवशाची वाट मानत आलं आहे, त्या ब्रुसेल्सच्या टिपा वाचायला वर्गणी भरावी लागते. ज्या मजकुराच्या आधारावर नागरिकाकडून दंड घेतला जातो तो त्याला फुकट वाचता आलाच पाहिजे. हा खर्च सरकारला अजिबात जड नाही.

अधिकाऱ्याकडेही पाहायला हवं. त्याने मतभेद प्रामाणिक आहे असं मानून मागणी सोडली तर लेखापरीक्षणाचा आक्षेप त्याच्या नावावर येतो. मागणी कायम केली आणि ती सात वर्षांनी न्यायाधिकरणात पडली, तर त्याला कोणी काही विचारत नाही. तो माणूस वाईट नसतो. त्याच्यापुढचा धोका एकाच बाजूला असतो. डीआरआयच्या, म्हणजे महसूल गुप्तचर संचालनालयाच्या, नोटिशी तर अधिकार कोणाचा या वादातच वर्षानुवर्षं अडकल्या: २०२१ मध्ये कॅनन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नोटिशीचा अधिकार नाही म्हटलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पुनर्विलोकनात तो आहे असं ठरलं. मधल्या काळात मालाचा कोड कोणता, हा मूळ प्रश्न तसाच पडून राहिला.

एक बदल तर कायद्याला फारसा हात न लावता उद्या करता येईल. २०१८ पासून नोटीस देण्याआधी आयातदाराशी चर्चा करण्याची तरतूद आहे, पण ती फक्त साध्या चुकीच्या प्रकरणांसाठी. तथ्य दडवल्याचा शिक्का बसला की चर्चा नाही, थेट नोटीस. म्हणजे बोलायची सर्वांत जास्त गरज ज्याला आहे, त्यालाच बोलायला मिळत नाही. ज्या फाइलीत मालाचं वर्णन खरं आहे आणि वाद फक्त क्रमांकाचा आहे, तिथे ही चर्चा मंडळाने सक्तीची करावी. आणि पाच वर्षांचं कलम लावायचं असेल तर आयुक्ताने नोटिशीत स्वतःच्या सहीने लिहावं की कोणतं तथ्य दडवलं गेलं, ते कोणत्या कागदावर असायला हवं होतं आणि आधी पास झालेल्या खेपांमध्ये ते विभागाला का दिसलं नाही.